पाहुणा कॅमेरा

५ ऑगस्ट, मंगळ.

सकाळपासून लाइट तीनदा गेली. झेरॉक्स बंद, प्रिंटर बंद, मी चालू.

अकराला एक जोडपं आलं, नेऱ्याहून. पौडला तहसीलमध्ये कसल्याशा दाखल्याचं काम होतं. तिथल्या रांगेत कुणीतरी सांगितलं म्हणे, बाळाचा पासपोर्ट फोटो कोपऱ्यावरच्या ताईंकडे काढा. बाळ चार महिन्यांचं. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं, मागे पांढरं, आणि आईचा हातसुद्धा दिसता कामा नये. तिकडे दोन स्टुडिओवाल्यांनी हात टेकले होते. मी काउंटरवर पांढरी चादर अंथरली, बाळाला आडवं ठेवलं, स्टुलावर चढले आणि वरून जिभेनं टॉक टॉक केलं. तिसऱ्या फोटोत काम झालं. बाळ असं बघतंय की जणू पासपोर्ट तेच देणार आहे.

बाप स्क्रीनकडे बघतच राहिला. मंदार नाव, मूळचा अकोल्याचा, हिंजवडीत नोकरी. "ताई, कुठला कॅमेरा?" मी माझा जुना कॅमेरा, बुटका, पुढे केला. नऊ वर्षांचा झालाय. पकडायचं रबर सुटून परत चिकटवलेलं, वरचा फ्लॅश रबरबँडनं बांधलेला. "या एन्ट्री-लेव्हल, शिकाऊ कॅमेऱ्यावर?" म्हणाला, आणि जीभ चावली.

मग म्हणाला, माझ्याकडे फुलफ्रेम आहे, मोठ्या सेन्सरचा, वर चेहऱ्यांसाठीची पंच्याऐंशीची लेन्स आहे. नवा मिररलेस कॅमेरा घेतल्यापासून कपाटात पडून. विकायचाय. तुम्ही आधी दहा दिवस वापरून बघा, नाही पटला तर परत.

अनोळखी बाईला असं कोणी देतं का? पण चेहऱ्यावरून थट्टा वाटली नाही.

फुलफ्रेम. फुलफ्रेम. नुसतं लिहूनच बघितलं.

६ ऑगस्ट, बुध.

जेवताना नवऱ्याला, संतोषला, सांगितलं. तो खाचरातून आलेला, पायांची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली.

"हाय त्यो चालतोय की."

"चालतोय."

"मग?"

या "मग"चं उत्तर आहे, पण ते भाकरी खाणाऱ्या माणसाला सांगण्यासारखं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात चारलाच घरात काळोख होतो. बुटक्याचा आयएसओ, म्हणजे काळोखात बघायची ताकद, जरा वर नेला की माणसाच्या तोंडावर मोहरी सांडल्यासारखे दाणे येतात. फ्लॅश मारला तर माणूस चोर पकडल्यासारखा दिसतो. नऊ वर्षं मी मोहरी आणि चोर यांच्यामध्ये अडकलेय.

संतोष हात धुताना: "आन् प्रिंटरचं काय? वरीस झालं, प्रिंटर प्रिंटर करतीस."

तेही खरंच. मोठ्या प्रिंटरसाठी बाजूला टाकतेय. माझ्याकडच्यावर पासपोर्ट आणि फार तर पोस्टकार्डाएवढा फोटो निघतो. मोठा हवा तर फाइल पुण्याच्या लॅबला पाठवा, मग दोन-तीन दिवसांनी पार्सल. दोन्ही घेणं होणार नाही. एक तर हा, नाही तर तो. रक्कम इथे लिहीत नाही. लिहिली की मोठी दिसते.

मंदारचा मेसेज: परवा पौडला येतोय, बॅग घेऊन येतो.

८ ऑगस्ट, शुक्र.

आला!!!

बॅग उघडायच्या आधी दोनदा हात धुतले. काय वजन. गळ्यात घातला तर मान आपोआप खाली, नव्या नवरीसारखी. मंदारनं दहा मिनिटांत सगळं सांगितलं, त्यातलं मला चारच मिनिटांचं कळलं. एक प्रामाणिकपणे बोलला: "ताई, डीएसएलआरचा, म्हणजे या असल्या कॅमेऱ्यांचा, जमाना संपत आलाय, सगळे मिररलेसकडे चाललेत. मी सांगितलं नाही असं नको व्हायला." मी मान हलवली. आमच्या माले गावात कुठलाच जमाना वेळेवर येत नाही, त्यामुळे संपतही नाही.

कागद नाही, सही नाही. माझा नंबर, दुकानाचा फोटो, बस्स. परत कधी? सोमवारी अठराला.

बुटका टिक वाजतो. हा खटॅक. पोटात जाणवतं.

घरी आले, चपला पायातच. आत्या, माझ्या सासूबाई, चुलीपुढे बसलेल्या, पाठमोऱ्या. घरात एवढा काळोख की मला त्यांचा पदर कुठला आणि भिंत कुठली कळेना. आयएसओ ६४००. खटॅक. स्क्रीनवर आत्यांच्या मानेवरचे बारीक पांढरे केस, आणि त्यातून जाळाचा उजेड. मोहरी नाही. एक दाणा नाही!

ओरडलेच. आत्यांच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

"काय गं, इंचू चावला का काय?"

"आत्या, चौसष्टशे!"

"कुनाचं?"

आजपासून त्याचं नाव पाहुणा.

९ ऑगस्ट, शनि.

काल फार हवेत होते. आज खाली.

सत्तर फोटो काढले. कोंबडी, मामा, गोठा, दुकानात आलेल्या दोन बाया. संध्याकाळी कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. मामांचा एक डोळा धारदार, दुसरा धुक्यात. कोंबडीची चोच छान, कोंबडी गायब. दोन बायांतल्या एकीच्या फक्त नथीला फोकस. सत्तरात कामाचे पाच.

मंदारला पाठवले. उत्तर: "भिंगाचं छिद्र १.८ वर नका ठेवू. चारला जा. आणि श्वास सोडून मग दाबा." म्हणजे चूक माझी. मला वाटायचं मला येतं. मला बुटक्यापुरतं येत होतं.

मामांना त्यांचा फोटो दाखवला. म्हणाले, "बराबर काढलंय त्येनं. ह्या डोळ्यानं मला कमीच दिसतंय." माझे सासरे कोणाला वाईट वाटू देत नाहीत, यंत्रालासुद्धा.

१० ऑगस्ट, रवि.

कुठून सुरुवात करू.

गेल्या महिन्यात वरच्या आळीतल्या हौसाबाई गेल्या. तेराव्याला लावायला फोटो माझ्या दुकानातूनच गेला. आधार कार्डावरचा मोठा केला, कारण जन्मभरात दुसरा नव्हताच. डोळे अर्धे मिटलेले, मागे कुणाचं तरी कोपर. मी केला, लॅबला पाठवला, फ्रेम करून दिला. तेव्हापासून आत्यांच्या डोक्यात बसलंय. काल देवळात जाऊन सांगून आल्या, सूनबाईकडं मोठा कॅमेरा आलाय, ज्यांना चांगला फोटू पाहिजे त्यांनी जित्तेपणी या.

मला विचारलंही नाही. आत्या सासूबाई कमी आणि गावची दवंडी जास्त.

दहाला आमच्या पडवीत सात जणी! इरकलं, ठेवणीतली लुगडी, एकीनं नातसुनेचं मंगळसूत्र मागून घातलेलं. पडवीचं एका बाजूचं पावसाचं प्लास्टिक वर केलं, तिकडून ढगांचा मऊ उजेड. मागे मामांची निळी चादर. स्टुल. भिंगाचं छिद्र चारवर. श्वास सोडून.

"हसू का?"

"हसा की, काकू."

"दात न्हाईत."

"तसंच हसा."

"व्हय, आन् लोकं म्हनतील म्हातारी मरून बी हसतीया."

सगळ्या खिदळल्या, तेवढ्यात मी दाबलं. खटॅक. आवाजानं काकूंनी पदर तोंडाला लावला, पण फोटो आधीच आत.

ज्यांनी मंगळसूत्र मागून आणलेलं त्या दर फोटोला ते वर ओढायच्या. एकीनं विचारलं, भिंतीवर कुठल्या बाजूला लावायचा असतो, मग मी तिकडंच तोंड करते. शेवटी बायजाआक्का. ऐंशीच्या पुढं. स्टुलावर बसली ती अशी ताठ, जसं कुणी वजन करतंय. हसली नाही, बोलली नाही, पापणी हलवली नाही.

"आक्का, श्वास घ्या."

"तू घे. मी घ्येतलाय."

प्रत्येकीचे दोन्ही कॅमेऱ्यांनी काढले. मुद्दाम. शेजारी शेजारी ठेवून बघायचेत.

तीन तास उभी होते. पाय दुखायला हवे होते, दुखले नाहीत.

११ ऑगस्ट, सोम.

पौडला कामाला आलेल्या चौघी दुकानात शिरल्या. दाखव म्हणाल्या. मी पाहुण्याचे लावले, पडद्यावर भरून.

चौघींनी माना पुढे केल्या. मग त्यांतल्या सुभद्राकाकू: "एवढ्या सुरकुत्या कशाला काढल्यास गं?"

"मी नाही काढल्या काकू, होत्या."

"तुज्या त्या बारक्यात नव्हत्या."

बुटक्याचा लावला. त्यात खरंच कमी. थोडं धुकं, थोडी मोहरी, पण गालावर माया. काकूंना तोच हवा. दुसरीलाही तोच. एवढा भारी कॅमेरा आणि म्हाताऱ्यांनी मिनिटात नापास केला. मला हसू पण येत होतं आणि रागही.

मग बायजाआक्का पुढे झाली. तिचा लावला. तिनं डोळे बारीक केले. मग बोट उचलून पडद्याला टेकवलं, हनुवटीवर.

"ह्ये काय?"

मी मोठं केलं. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. कपाळावर, कुंकवाच्या वर, एक बारीक चंद्रकोर. कातडीच्या घड्यांमध्ये गेलेली, पण आहे.

"ह्ये हाय व्हय अजून?" आक्का म्हणाली. "आरशात दिसत न्हाई मला. मला वाटलं पुसून गेलं." मग, "आईच्या मांडीवर बसून गोंदल्यालं. लई रडले मी. आईनं मागनं डोकं धरलं हुतं, आन् तोंडात गूळ."

तिनं दुसऱ्या हातानं स्वतःची हनुवटी चाचपली. पडद्यावर बघत, जसं वाट शोधत जावं तसं. एक, दोन, तीन.

बुटक्याचा तोच फोटो मी गुपचूप उघडला. ठिपक्यांच्या जागी नुसती सावली.

घ्यायचा. ठरलं.

१२ ऑगस्ट, मंगळ.

ठरलं असं काल लिहिलंय. आज वाचलं तर दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतंय.

लॅबवाल्या काकांना फोन केला. त्यांना विचारलं, बारा बाय अठरा इंचाच्या प्रिंटला कळेल का फरक? म्हणाले, "दोन्ही चोवीस मेगापिक्सेल ना? मग भिंतीवर लागल्यावर कोण ओळखतंय, मॅडम." मग फरक नक्की कशाचा? आहे तर खरा. मी बघितलाय. पण मी मोठं करून, नाक पडद्याला लावून बघितलाय. भिंतीवरचा फोटो कोण नाक लावून बघतं?

आक्काचे दोन प्रिंट मागवले. एक याचा, एक त्याचा.

१४ ऑगस्ट, गुरु.

पार्सल आलं. मागे पेन्सिलीनं अ आणि ब लिहिलं. घरी परीक्षा घेतली, कोणाला काही न सांगता.

आत्या: अ. "ह्यात बायजा हितं बसल्यावानी हाय." अ म्हणजे पाहुणा.

मामा: ब. "त्यात लई म्हातारी दिसतीया. ह्यात बायजा लग्न करून आल्ती तवाची जरा जरा दिसती." ब म्हणजे बुटका. मामांना तेव्हाची बायजा आठवते हे आत्यांना आवडलं नाही. भांडी जोरात वाजली.

संतोष: उजेडात नेऊन, लांब धरून, जवळ धरून, "दोनी बायजाआक्काच हायेत की."

एक-एक, आणि एक तटस्थ. छान.

मग आक्कालाच विचारलं. ती दोन्ही घेऊन गेली. पदराखाली धरून, पावसातून. म्हणाली एक हितं लावते आन् एक माह्येराला धाडते.

आता माझ्याकडे तुलनेला काहीच नाही.

१५ ऑगस्ट, शुक्र.

शाळेत झेंडावंदन. दरवर्षी मीच काढते, गुरुजी हक्कानं बोलावतात. घरातून निघताना न कळत बुटका उचलला. शाळेच्या दारात आल्यावर कळलं. पाऊस तिरका. बुटक्याला दुधाची पिशवी घातली, भोक पाडून.

मजा आली, खोटं का बोलू. चिखलात बसले, भिंतीवर चढले, प्रार्थनेत जांभई देणारी पोर नेमकी पकडली. कुठलं बटण कुठे, बघावं लागत नाही. पाहुणा असता तर त्याला सांभाळत एका जागी उभी राहिले असते.

पण मग चौथीच्या खोलीत गाणी झाली. आत, लाइट नसताना. तिथले सगळे फोटो मोहरी.

१६ ऑगस्ट, शनि.

आज जे झालं ते नऊ वर्षांत झालं नव्हतं.

पडवीत बसून पाहुण्याची काच पुसत होते. संतोष गोठ्यातून आला, हात धुतले, साबणानं, आणि म्हणाला, "दे हिकडं."

"कशाला?"

"बघतो."

बुटक्याला त्यानं कधी हात लावला नाही. माझी वस्तू, माझं दुकान, तो त्यात पडत नाही. पाहुणा हातात घेतला, वजन बघितलं, एकदम बैल बघतात तसा. मी हिरव्यावर, म्हणजे ऑटोवर, लावून दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं.

"तितं बस. हालू नको." खटॅक. "अगं मेल्यावानी नको बसू. हाल. बोल कायतरी."

"काय बोलू? दूध घालायचं राहिलंय, सातला डेअरी बंद होते, आणि तू हे काय..."

खटॅक, खटॅक, खटॅक.

एकेचाळीस काढले. पस्तीस वाकडे. एकात माझं नुसतं कपाळ. पण एक. मी त्याला रागावतेय, एक बट कानावरून सुटलेली, गोठ्याच्या दारातून उजेड अर्ध्या तोंडावर. तोंड उघडं, डोळे मात्र हसतायत, मला माहीत नव्हतं.

माझ्याकडे माझे फोटो नाहीत. लग्नाचा अल्बम, आधार कार्ड, आणि कोणाच्या तरी बारशात मागच्या रांगेत. सात म्हाताऱ्यांना बसवून काढताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सदतिसावं चालू आहे. डोळ्यांखाली रेषा आहेत, दोन केस पांढरे आहेत. बराच वेळ बघितलं. बरी दिसते की मी. रागावल्यावर जास्तच.

संतोष तोवर गोठ्यात. तिथून हाक: "वैशे, हिकडं ये! गाईच्या पापन्या मोजता येत्यात!"

परत आला तो पेटलेला. "घिऊन टाक."

"प्रिंटर?"

"फुडल्या साली."

"तूच म्हणत होतास..."

"म्हनत हुतो. बघितला न्हवता."

दहा दिवस मी त्याला पटवायची वाक्यं जुळवत होते. आता तो पटला आणि मीच मागं सरकले. आता नाही म्हणायचं असलं तर मलाच म्हणावं लागणार.

दूध उशिराच गेलं.

१७ ऑगस्ट, रवि.

सकाळी फोन. ताम्हिणीहून. बायजाआक्काचं माहेर तिकडं. तिनं धाडलेला फोटो तिच्या धाकट्या भावाकडं पोचला, बाळूमामांकडं. फोनवर त्यांची बायको, ठकूमामी: "आमच्या लग्नात फोटूवाला न्हवता, बाय. दोघांचा एक बी फोटू न्हाई. मालक हिंडू फिरू शकत न्हाईत. तू येशील का?"

संतोष लगेच गाडी पुसायला लागला. काल पापण्या मोजल्यापासून माणूस बदललाय.

दोन्ही कॅमेरे खताच्या पिशवीत, वर माझा रेनकोट, मी नुसती भिजत. घाटात समोरचं दिसेना. धबधबे रस्त्यावरच, पर्यटक त्यातच उभे. ढाब्यापाशी वळून पुढं वाडी, शेवटची दोनशे पावलं चिखलातून.

घर लहान, आत चूल पेटलेली, धूर. दारातून आणि छपराच्या एका काचेतून येईल तेवढाच उजेड. पाहुणा बाहेर काढला तर लेन्सवर वाफ. बाहेरचा गारठा, आतली ऊब. पुसली, परत आली. बुटक्याचंही तेच. बसा गप. ठकूमामींनी गवती चहा घातलेला कोरा चहा दिला.

बाळूमामा दाराशी घोंगडीवर. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. चेहरा मात्र सारखा आवाजाकडे वळलेला, फार सुंदर माणूस.

वाफ गेली. मामींनी इरकल नेसलं, त्यांना टोपी घातली, तिरकी केली, परत सरळ केली. शेजारी बसल्या, हातभर अंतर ठेवून.

"मामी, जवळ सरका."

"आता काय सरकू. पन्नास वर्सं झाली."

"तेवढं सरका तरी."

बुटका: टिक. पाहुणा: खटॅक.

बाळूमामा: "दोन हायेत का गं?"

"व्हय मामा."

"पैला लई घाईत हाय. दुसरा बसून जेवल्यावानी वाजतोय."

संतोष हसला, मी हसले, मामी हसल्या, आणि हसताना त्यांचा हात आपोआप बाळूमामांच्या गुडघ्यावर गेला. खटॅक.

मग ते म्हणाले, "कसा आलाय?"

मी स्क्रीन मामींपुढे धरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, डोळ्यांजवळ नेली, आणि वाचून दाखवावं तसं सांगायला लागल्या.

"तुमी हिकडं हायसा. टोपी ब्येस बसलीया. दाढी करायला पायजे हुती, म्या म्हनलं हुतं."

"फुडं."

"फुडं मी हाय. काळी आलीया जरा."

"काळीच हायेस की."

"गप बसा. हात ठेवलाय म्या तुमच्या गुडघ्यावर."

"त्यो मला ठावं हाय." आणि मग, "तोंड कसं हाय माजं? म्हातारं दिसतंय का?"

मामी बघत राहिल्या. धूर होता, म्हणून असेल, पदरानं डोळे पुसले. "न्हाई," म्हणाल्या. "बरं दिसतंय. आक्कावानी दिसतंय."

बाळूमामांनी मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा.

संतोष बाहेर जाऊन उभा राहिला, पावसात, काही काम नसताना.

निघताना शेजारणी गोळा. आमचा कधी? एकीनं नावं सांगायला सुरुवात केली, मी दुकानाच्या पावतीच्या पाठी लिहून घेतली. अकरा. आणि दोन जोडपी.

१८ ऑगस्ट, सोम. दुपार, दुकान

गिऱ्हाईक नाही. मंदार पाचला येतो.

सकाळी ताम्हिणीचे उघडले. बुटक्यानं काढलेला बसलेल्या जोडीचा चांगला आलाय, दाणे आहेत, पण चांगला. हसलेला मात्र पाहुण्याकडेच आहे. त्या काळोखात बुटका जमवू शकला नसता, हे मला मान्य आहे. लिहून ठेवते, नंतर पलटू नये म्हणून.

पण लगेच दुसरं. हे फोटो ठकूमामींच्या हातात कधी जाणार? लॅब, पार्सल, मग ताम्हिणीला कोण जाईल त्याच्याबरोबर. प्रिंटर असता तर आज दुपारीच निघाले असते. बायजाआक्कानं फोटो पदराखाली धरला होता तो कागदाचा होता.

घरून निघताना आत्या म्हणाल्या, "बायांच्या हातात काय पडतंय त्ये बघ. डब्यात बघून पोट भरतं का?" संतोष दुधाचं कॅन बांधताना: "इचार करू नको. घे. काळोखात फोटू येनारच न्हाई तर कागदावर काय छापशील?" दोघंही बरोबर. एवढी चांगली दोन माणसं घरात असली की फार अडचण होते.

प्रिंटरवाल्यालाही फोन केला. त्याच्याकडे एकच उरलाय. आजच सांगा म्हणतो. मंदारचा मेसेज: ऑफिसातला एक जण मागतोय, पण पहिला मान तुमचा. सगळ्यांना आजच हवंय.

कागदावर दोन रकाने पाडले. एकीकडे पाहुणा, एकीकडे प्रिंटर. दोन्हीकडे एकसारखं भरलं. फाडला.

मंदारला विचारावं का, अजून थोडे दिवस ठेवू का म्हणून? नको. माणूस चांगला आहे, हो म्हणेल, म्हणूनच नको.

पाहुणा पुसला. पट्टा त्यानं दिला होता तसाच गुंडाळला. बॅगेची चेन लावली. परत उघडली, आत नुसतं बघितलं, परत लावली. छाती धडधडतेय, दहावीच्या निकालाला धडधडत होती तशी. यात वाईट काहीच नाही. दोन्हीकडून काहीतरी चांगलंच होणार आहे, म्हणून जास्त धडधडतेय.

चार वाजता ठकूमामींना फोन लावून सांगून टाकलं, पुढच्या रविवारी येते, पंधरा खुर्च्या नकोत, एक स्टुल पुरे, आणि दाराच्या बाजूचं प्लास्टिक वर करून ठेवा. म्हणाल्या, आमी सगळ्या न्हाऊन बसतो. कॅमेरा कुठला आणणार ते त्यांनी विचारलं नाही.

पाचला दहा कमी. बाहेर गाडी वळतेय, मागे येतेय, माझ्याच दारात लावतेय.

उठते.